मटणासाठी मेंढ्या: सेंद्रिय करायच्या की चालू पद्धतीनंच? (भूम, हलकी जमीन, ४० मेंढ्या)

बालाघाट_माळ

नमस्कार मंडळी.

भूम तालुका, बालाघाटाचा माथा. सहा एकर जमीन, त्यातलं दीड एकर विहिरीवर भिजतं, बाकी मुरमाड. ४० दख्खनी मेंढ्या आणि २ नर. दिवसा गायरानावर आणि बांधानं चराई, संध्याकाळी सोयाबीनचं भुसकट आणि मूठमूठ सरकी पेंड. कोकरं पाचेक महिन्यांची, १५-१६ किलोची झाली की व्यापारी दारातून नगावर नेतो.

आता पुण्याचा एक मटणविक्रेता म्हणतोय, माल सेंद्रिय असेल तर जिवंत वजनावर जादा दर देतो. जादा म्हणजे किती ते सांगत नाही, आधी कागद (सेंद्रिय प्रमाणपत्र) मागतोय. विचारायचं ते असं:

१) आमच्या मेंढ्या तशाही माळावरच चरतात. मग सेंद्रिय होण्यात नेमकं काय आडवं येतं?
२) जंताचं औषध आणि लसी बंद कराव्या लागतात का?
३) एका कोकरामागं खर्च किती वाढतो? आकडा हवा. "आरोग्याला चांगलं" वगैरे नको, ते पोस्टर बघून झालं.

---

चारा_कोठार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: सरकी पेंड.

मराठवाड्यात बीटी (जनुक बदललेला) कापूस २००२ पासून आला आणि आज पेंडीच्या पोत्यात येणारी जवळपास सगळी सरकी बीटीचीच असते. सेंद्रिय नियमावली कुठलीही घ्या, आपला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम (एनपीओपी, केंद्राची निर्यात संस्था अपेडा राबवते) किंवा युरोपची, जनुक बदललेल्या पिकाचं खाद्य चालत नाही. त्यामुळं मूठभर सरकी पेंडसुद्धा बाद. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत मेंढरं सोडणंही बाद. इथं गंमत अशी की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त म्हणून कृषी विभागच सांगतो, वेचणी संपली की शेतात जनावरं चारा. बोंडअळीसाठी चांगलं, तुमच्या कागदासाठी वाईट.

बाकी काय काय आडवं येतं ते क्रमानं बघा.

सोयाबीनचं भुसकट: सोयाबीन आपल्याकडं जनुक बदललेलं नाही, पण विकतच्या भुसकटावर तणनाशक आणि कीटकनाशक मारलेलं असतं. स्वतःच्या सेंद्रिय शेतातलं असेल तरच चालेल. शेत बदलायला हंगामी पिकांच्या जमिनीला पेरणीआधी किमान २ वर्षं धरतात.

सोयाबीन पेंड: कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकानं तेल काढून उरलेली. सेंद्रियमध्ये द्रावकानं काढलेली पेंड चालत नाही. घाण्याची किंवा एक्स्पेलरची पेंड लागते, आणि तीही सेंद्रिय बियांची.

युरिया: कडब्यावर किंवा भुसकटावर युरिया प्रक्रिया करत असाल (१०० किलोला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात, २१ दिवस दाबून) तर तीही बंद. खरं तर दुष्काळात निकृष्ट चाऱ्याचा कस वाढवायची याहून स्वस्त युक्ती नाही. सेंद्रियवाल्याला ती जागा डाळवर्गीय पाल्यानं भरावी लागते.

म्हणजे खुराक असा बदलतो. चालू पद्धतीत १०० किलोला मका भरडा ४५, सरकी किंवा शेंगदाणा पेंड २५, तूर चुनी १५, गव्हाचा कोंडा १२, क्षार मिश्रण २, मीठ १. सेंद्रियमध्ये ज्वारी भरडा ४५, घाण्याची करडई किंवा शेंगदाणा पेंड २२, तूर-हरभरा चुनी २०, कोंडा १०, क्षार मिश्रण २, मीठ १. करडईची पेंड टरफलासकट असते, तंतू जास्त, म्हणून कोकरू तिच्यावर सरकीइतकं वाढत नाही. शेंगदाणा पेंड घेतली तर बुरशी बघा. भाद्रपदात कोंदट कोठीत ठेवलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) धरतं, आणि पेंड सेंद्रिय आहे म्हणून ते सोडत नाही.

दोन्ही पद्धतींत होणारी एक चूक: क्षार मिश्रण गायी-म्हशींचं आणू नका. त्यात तांबं जास्त असतं. मेंढीला तांबं पचत नाही, यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल-काळी होऊन जनावर पडतं. पिशवीवर 'मेंढीसाठी' लिहिलेलं बघूनच घ्या. जंतावर मोरचूद (तांब्याचाच क्षार) पाजायची जुनी सवय असेल तर तीही इथंच मरते.

हिरव्यासाठी दीड एकरात एकटं नेपियर लावू नका. अर्धं नेपियर, अर्ध्यात दशरथ घास किंवा मेथीघास, बांधानं शेवरी, हादगा आणि सुबाभूळ. नेपियर कुट्टी करून द्या, मेंढी जाड कांडं टाकून देते. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, त्यातल्या मिमोसीननं लोकर गळते.

गणित सांगतो म्हणजे जमिनीचा अंदाज येईल. ३० किलोच्या मेंढीला रोज साधारण १.१ किलो कोरडा चारा (पाणी वजा करून). ४० मेंढ्यांना ४४ किलो, वर्षाला १६ टन. कोकरं वेगळी. मुरमाड माळ हेक्टरी दोन-तीन मेंढ्यांपलीकडं वर्षभर पोसत नाही. म्हणजे तुमच्या साडेचार एकर हलक्या रानावर फार तर पाच-सहा मेंढ्या. उरलेल्या सगळ्यांचा चारा दीड एकर, विकतचा आणि गायरान यांच्यातून येतोय. सेंद्रियमध्ये विकतचा चारा प्रमाणित हवा, आणि गायरान 'इथं फवारलेलं नाही' असं दाखवता यायला हवं. शेजारच्यानं बांधावर तणनाशक मारलं की तो बांध संपला.

---

पशुवैद्य_परभणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लसी बंद होत नाहीत. सेंद्रियमध्ये लसीकरण चालतं, उलट आजार टाळायचा मुख्य मार्ग तोच धरतात. आपल्या भागात किमान एवढं हवं:

आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणारा आजार): ३ महिन्यांनंतर पहिली, १५-२१ दिवसांनी बूस्टर, पुढं दरवर्षी मे अखेर. बूस्टर चुकवला तर पहिली लस वाया गेली समजा. बहुतेकांचं इथंच चुकतं.
पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार): ३-४ महिन्यांवर एकदा, साधारण ३ वर्षं पुरते.
मेंढ्यांची देवी: वर्षातून एकदा.
घटसर्प: पावसाआधी.
लाळ्या खुरकूत: सरकारी मोहिमेच्या वेळापत्रकानं.

लस देताना कानातला १२ अंकी बिल्ला आणि तारीख वहीत लिहा. पुढं कागद करायचा झाला तर तपासणारा आधी हीच वही उघडतो.

प्रतिजैविकांचं असं: खाद्यात किंवा पाण्यात 'आजार येऊ नये म्हणून' द्यायला बंदी. आजारी जनावराला द्यायला बंदी नाही, आणि कागद वाचावा म्हणून उपचार टाळणं हाच नियमभंग. फक्त औषधानंतर विक्रीसाठी थांबायची जी मुदत लेबलवर असते ती सेंद्रियमध्ये दुप्पट धरतात, किमान ४८ तास. युरोपच्या नियमात आणखी एक कलम आहे: एक वर्षाच्या आत कापायच्या जनावराला औषधाचा एकापेक्षा जास्त कोर्स झाला तर ते सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. लस आणि जंतनाशक त्या मोजणीत धरत नाहीत.

आता जंत. सेंद्रिय मेंढीपालन बहुतेक वेळा कागदावर नाही, तर सप्टेंबरात जंतांवर आपटतं.

आपल्याकडचा मुख्य शत्रू चौथ्या पोटात राहणारा रक्तपिता गोलकृमी, हिमोंकस. एक कृमी दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त घेतो. हजार कृमी म्हणजे ५० मिलि, आणि १५ किलोच्या कोकरात रक्तच एक लिटर. हगवण लागत नाही, म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही. पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, मग कोकरू खांडीच्या (कळपाच्या) मागं राहतं आणि एका सकाळी मेलेलं सापडतं. मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळ्यात लेंडीतून बाधणारी अळी तयार व्हायला ४ ते ७ दिवस पुरतात.

तपासणी अशी: जुलै ते ऑक्टोबर दर १५ दिवसांनी प्रत्येक जनावराची खालची पापणी खाली ओढून उन्हात रंग बघायचा. लाल ते पांढरा असे पाच टप्पे, 'फामाचा' (FAMACHA) नावाचा रंगतक्ता मिळतो, तो वापरा. चौथा-पाचवा टप्पा असेल त्यालाच औषध. तिसरा टप्पा असेल तर कोकरांना आणि विण्याला आलेल्या किंवा दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना द्या, इतरांना नको. सगळ्या खांडीला एकदम पाजायची पद्धत सोडा. सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारेच जंत उरतात आणि त्यांचीच पैदास होते.

मात्रा अंदाजानं नको, वजन करून. अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिग्रॅ. अडीच टक्क्यांच्या बाटलीतून ३० किलोच्या मेंढीला ९ मिलि. नर खांडीत असेल तोवर आणि तो काढल्यावर महिनाभर अल्बेंडाझोल टाळा, गर्भाला अपाय होतो. त्या काळात गरज पडली तर फेनबेंडाझोल, डॉक्टरांना विचारून. क्लोसँटेल हिमोंकसवर आणि यकृतातल्या चपट्या कृमीवर चांगलं चालतं, पण मात्रा जास्त झाली तर जनावर आंधळं होतं, आणि त्याची विक्रीची थांबमुदत अल्बेंडाझोलपेक्षा कितीतरी लांब आहे. ती दुप्पट केली की हंगामच निघून जातो.

औषध चालतंय का ते कळायला १० कोकरांच्या लेंड्या औषधाआधी आणि १०-१४ दिवसांनी जवळच्या पशुरोग प्रयोगशाळेत अंडी मोजायला द्या. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारता येईल. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर त्या औषधाला तुमच्या खांडीतले जंत सरावलेत.

कडुनिंबाचा पाला, पळसबी, काढे यांच्यावर सगळं सोडू नका. बाभळीचा पाला आणि शेंगा चारल्यानं, त्यातल्या टॅनिनमुळं, जंतांचा भार कमी व्हायला मदत होते. पण चौथ्या टप्प्यातलं कोकरू पाल्यानं वाचत नाही.

चराईचं: अळ्या गवताच्या बुडाच्या चार बोटांत असतात. दव सुकल्यावरच सोडा, गवत बुडापर्यंत खरडू देऊ नका. रानाचे तुकडे करून एका तुकड्यावर ३-४ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि त्याच तुकड्यावर ३५-४० दिवसांच्या आत परत आणू नका.

---

खांड_आणि_काठी

डॉक्टरसाहेब, पापणीचं शंभर टक्के मान्य. तुकड्यांचं मात्र गायरानावर जमत नाही. तिथं गावच्या चार खांडी रोज फिरतात. तुम्ही चाळीस दिवस थांबलात तरी दुसऱ्याच्या मेंढ्या लेंड्या टाकून गेलेल्याच असतात. कुंपण घातलेल्या रानावर तुमचं बरोबर, भूमच्या माळावर नाही.

इथं वेळापत्रकच बदलावं लागतं. एप्रिल-मेचं ऊन माळ धुऊन काढतं, त्या उन्हात अळ्या टिकत नाहीत. ज्वारी, तूर, हरभरा निघालेली रानंही स्वच्छ असतात, कारण तिथं महिनोन्महिने मेंढी गेलेली नसते. धोका फक्त जुलै ते ऑक्टोबर. म्हणून या चार महिन्यांत दूध तुटलेलं लहान कोकरू खांडीत असताच कामा नये.

मेंढी साधारण १५० दिवसांनी विते. नर मेअखेर ते जून सोडला की ऑक्टोबर अखेर-नोव्हेंबरात वीण होते. कोकरू चरायला लागेपर्यंत पाऊस गेलेला असतो, पुढं रब्बीच्या धसकटाची चराई. नर बारा महिने खांडीत ठेवला तर जूनमध्येही विणी होतात, आणि तीच कोकरं भाद्रपदात मरतात. नर वेगळा बांधायला नको वाटत असेल तर पोटाखाली कापड बांधायची धनगरी पद्धत आहेच.

धसकटात सोडताना दोन गोष्टी. ज्वारीच्या रानात पडलेली कणसं भुकेल्या मेंढ्यांनी एकदम खाल्ली तर पोट आंबतं, आणि आंत्रविषारही तिथूनच उठतो. आधी कडबा खाऊ घाला, मग पहिल्या दिवशी अर्धा तास सोडा. आणि पावसाच्या ओढीनं खुरटलेल्या ज्वारीचे पोंगे, किंवा काढणीनंतर बुडातून फुटलेले कोवळे फुटवे कधीच चारू नका. त्यात सायनाइड असतं, डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही.

कुसळी गवत पक्व झालं की तिथून खांड हलवा. कुसळं लोकरीतून कातडीत शिरतात, तोंडात फोड येतात. ती पिकायच्या आतच चारून घेतली तर चांगलं गवत आहे.

---

तराजू

तिसरा प्रश्न. खाली दर मी धरलेले आहेत, तुमच्या बाजाराचे टाकून परत करा. पद्धत महत्त्वाची. दोन्हीकडं कोकरू ९० दिवसांचं, १४ किलोचं, आणि ते २८ किलोपर्यंत न्यायचंय.

चालू पद्धत, बंदिस्त, चांगला खुराक. रोजची वाढ १३० ग्रॅम धरली तर १०८ दिवस. खुराक रोज सरासरी ३५० ग्रॅम, म्हणजे ३७.८ किलो, ३० रुपयांनी ११३४. वैरण दिवसाला ५ रुपये, ५४०. औषध-लस ८०. मजुरी जनावरी दिवसाला २ रुपये, २१६. एकूण १९७० रुपये.

सेंद्रिय, चराई आणि थोडा खुराक. वाढ ७५ ग्रॅम, म्हणजे १८७ दिवस. खुराक रोज १५० ग्रॅम, २८ किलो, पण दर ४५, म्हणजे १२६२. वैरण ४ रुपयांनी ७४८. औषध-लस ६०. राखणारा माणूस जनावरी दिवसाला ४ रुपये, ७४८. एकूण २८१८.

फरक ८४८ रुपये, २८ किलोवर वाटला तर किलोला ३० रुपये. इथंच थांबलं तर गडी खूश होतो, कारण पुण्याचा माणूस तेवढं देईलही.

आता प्रमाणीकरण. तपासणी, प्रवास, कागद मिळून वर्षाला ३०,००० धरा आणि विकायला २६ कोकरं. कोकरामागं ११५४, म्हणजे किलोला आणखी ४१. दोन्ही मिळून ७१ रुपये. जिवंत वजनाचा दर ४०० धरला तर सुमारे १८ टक्के जादा मिळाला तेव्हा कुठं तुम्ही चालू पद्धतीच्या बरोबरीला आलात, नफा अजून दूरच. दहा जणांचा गट करून २६० कोकरं झाली आणि कागदाचा खर्च दुप्पट धरला तरी तो कोकरामागं २३१ वर येतो. एकट्याचं गणित कागद बुडवतो, चारा नाही.

बालाघाटदादा, खरी गोम मात्र तारखेत आहे. १ नोव्हेंबरचं कोकरू चालू पद्धतीनं १९८ व्या दिवशी, म्हणजे १८ मेच्या सुमारास २८ किलोचं होतं. सेंद्रियवालं २७७ व्या दिवशी, ५ ऑगस्टला. म्हणजे वर खांडवाल्यांनी जे चार महिने टाळा म्हणून सांगितलं, त्यातच ते कोकरू खांडीत अडकलं. ऑगस्टात पापणी पांढरी झाली की औषध, औषधानंतर दुप्पट मुदत, आणि विक्री सप्टेंबरात. वाढ संथ म्हणून जंत लागतो, आणि जंत लागला म्हणून वाढ आणखी संथ होते. शिवाय बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, २०२६ ला मेअखेर आहे. १८ मेचा माल ईदेला जातो. ५ ऑगस्टचा श्रावणाच्या तोंडावर येतो, आणि श्रावणात गिऱ्हाईक निम्मं.

तोड म्हणून नर बदलता येतो. माडग्याळ जातीचा नर दख्खनी मेंढीवर वापरला तर पहिल्या पिढीची वाढ सुधारते, पण खाणं जास्त लागतं आणि माळावर काटकपणा थोडा कमी. जुळी वाढवायला फलटणच्या निंबकर संस्थेची 'नारी सुवर्णा' जात आहे, पण जुळ्यांना दूध पुरवायचं तर मेंढीला विण्याआधी दीड महिना खुराक हवाच. संथ वाढीच्या सेंद्रिय पद्धतीत जुळी म्हणजे दोन खुरटी कोकरं. बियाण्यासाठी शेळी-मेंढी विकास महामंडळाचं तुळजापूरजवळच्या तीर्थचं प्रक्षेत्र तुम्हाला जवळ आहे, मागणी आधी नोंदवा.

---

पशुवैद्य_परभणी

तराजू, हिशेबात एक भर. बंदिस्त खुराकाचेही धोके खर्चात धरा. नर कोकरांना कोंडा आणि धान्य भरपूर झालं की मुतखडा होतो, कारण स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी पडतं. कोकरू सारखं ताणतं, पोटावर लाथा मारतं, थेंबथेंब लघवी. खुराकात १ टक्का चुनखडी भुकटी घाला, मीठ कमी करू नका, पाणी कायम समोर हवं. खुराक ५० ग्रॅमनं सुरू करून दर ३-४ दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा. एकदम ३५० ग्रॅम ओतला तर आम्लता आणि आंत्रविषार ठरलेला. गर्दीत कोकरांना रक्ती हगवण म्हणजे कॉक्सीडिया. जागा कोकरामागं किमान ५-६ चौरस फूट, गव्हाण अशी की त्यात पाय जाणार नाही.

आणि गोठ्यात चिकट काळी माती असेल तर पावसाळ्यात खुरं सडतात. तिथं मुरूम किंवा लाकडी फळ्यांचा उंच तळ. हे दोन्ही पद्धतींत सारखंच.

---

बालाघाट_माळ

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. म्हणजे एकट्यानं कागद करण्यात अर्थ नाही, आणि सरकी सोडली तर वाढ बसते. मग पुण्याच्या माणसाला काय सांगू? 'माळावरचं, औषधमुक्त' म्हणून विकलं तर चालेल का? अजून एक: नर ईदेला विकायचे तर कानात बिल्ला मारल्यानं अडचण येते का?

---

तराजू

'सेंद्रिय' शब्द पावतीवर, पिशवीवर, व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत कुठंच लिहू नका. 'जैविक भारत'चं चिन्ह प्रमाणित मालालाच. आणि नुसतं कोकरू प्रमाणित करून भागतही नाही. वाहतूक, कत्तलखाना, पॅकिंग सगळी साखळी प्रमाणित लागते. तुमचं प्रमाणित कोकरू साध्या खाटकाकडं कापलं की ते मटण साधंच. पुण्याच्या माणसाला आधी एवढंच विचारा, 'तुमचा कत्तलखाना प्रमाणित आहे का?' गप्प बसला तर त्याला कागद नकोय, जाहिरातीला शब्द हवाय.

'औषधमुक्त' पण लिहू नका, लस आणि जंतनाशक तुम्ही देणारच. त्याऐवजी खरं आहे ते लिहून द्या: दख्खनी जात, बालाघाटाच्या माळावर चराई, वाढीसाठी प्रतिजैविक नाही, शेवटचं औषध अमुक तारखेला, थांबमुदत पूर्ण. प्रत्येक बिल्ल्यासमोर ही ओळ वहीत असेल तर बघायला द्या. बोल्हाई देवीचं मानणारं, फक्त मेंढीचंच मटण खाणारं गिऱ्हाईक पुण्याकडं भरपूर आहे. त्यांना सेंद्रियपेक्षा 'मेंढीच आहे, शेळी नाही' याची खात्री जास्त हवी असते, आणि ती तुम्ही देऊ शकता.

त्याहून आधी नगावर विकणं बंद करा. १०० किलोचा टांगता काटा आणि पोतं किंवा झोळी, बस. १२ तास उपाशी ठेवून (पाणी द्या) सकाळी वजन, आणि किलोचा दर. उपाशी वजनावर मटण ४५ ते ४८ टक्के पडतं, म्हणजे २८ किलोच्या नराचं साडेबारा ते साडेतेरा किलो. व्यापारी हे डोळ्यांनी ताडतो, तुम्हाला काट्यानं कळेल. १६ किलोला पाचव्या महिन्यात देऊन टाकण्यापेक्षा तेच नर अडीच-तीन महिने अर्धबंदिस्त खुराकावर ठेवा. सरकी चालू ठेवा, पण दोन महिन्यांखालच्या कोकरांना नको, त्यातलं गॉसिपॉल त्यांना सोसत नाही.

---

खांड_आणि_काठी

ईदेचं. मेंढा वर्षाचा लागतो, पण सहा महिन्यांवरचा आणि दिसायला वर्षाच्या तोलाचा असेल तर मेंढीत चालवून घेतात, शेळीत नाही. म्हणून नोव्हेंबरचे नर मे-अखेरच्या ईदेला बसतात, फक्त अंगानं भरलेले हवेत. खच्ची केलेला चालतो. कानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेलेला असेल, आंधळा किंवा लंगडा असेल तर गिऱ्हाईक हात लावत नाही. बिल्ल्याच्या बारीक भोकाला सहसा कोणी अडवत नाही, पण गवताच्या काट्यात अडकून कान फाटला तर अडवतात. बिल्ला कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मध्ये, बुडाकडच्या अर्ध्या भागात मारा. टोकाला मारलेलाच फाटतो. पावसाळ्यात मारू नका, भोकात अळ्या पडतात. खुणेसाठी कानाला काप देत असाल तर विकायच्या नरांना तो देऊच नका.